नारपोलीचं कापड, ईमेलचं पत्र


भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमागांचा खडखडाट रोजचाच.
इथल्या लहान कापड व्यापाऱ्याला ग्राहकांना दरमहा ईमेलनं पत्र पाठवायचंय...
पण लिहायचं काय?

चॅटजीपीटीसारख्या एआयला विचारा.
नुसतं "विषय सुचव" म्हणू नका.
आधी आपला धंदा सांगा.
कापड सुती की पॉलिएस्टर?
पन्हा किती?
घेणारा कोण... शिंपी, की घाऊक दुकानदार?

मग दहा विषय मागा.
दोन-तीन कामाचे निघाले, तरी पुष्कळ.

भाव आणि तारखा मात्र स्वतः तपासा.
एआय चुकीचंही ठामपणे सांगतो.
पुन्हा सांगते... विषय एआयचे, माहिती आपली.

उदाहरणार्थ, एक विषय... सुती कापड पहिल्या धुण्यात किती आटतं?
तुमच्या जुन्या कारागिराला विचारा.
त्याचं उत्तर पहिल्याच पत्रात लिहा.