सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. ‘तू जन्मभर घोड्यांत काढलास, त्यातलं काहीतरी सांग, पण पैसे लावण्याबद्दल नको’ अशी अटही घातली आहे. अट मान्य. मी चौतीस वर्षं पशुवैद्य म्हणून पुणे जिल्ह्यातल्या स्टड फार्मवर, म्हणजे जिथे शर्यतीचे घोडे जन्माला येतात तिथे, काम केलं. एवढ्या काळात रेसला पैसे लावले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा घरी कळलं.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करतो. परवा जुन्या हजेरीपटाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. बघितलात ना? निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालायला आजोबा यायचे, पोर कधीचं विचारलं की ‘पाऊस लागून गेला होता’ किंवा ‘गावची जत्रा व्हायची होती’ असं काहीतरी सांगायचे, आणि गुरुजी निमूट १ जून लिहून टाकायचे. माझीही तीच तारीख. आई म्हणायची, मी दिवाळीतला. म्हणजे कागदावर तुमच्याएवढा असलो तरी प्रत्यक्षात पाच महिन्यांनी लहान. कवायतीच्या रांगेत उंचीप्रमाणे उभं केलं की पहिला मी, आणि पहिल्या बाकावरही मीच. तो हुशार म्हणून नव्हे, हे सर्वांना माहीत आहे.

शर्यतीच्या घोड्यांचंही असंच असतं. थरोब्रेड जातीचं शिंगरू आपल्याकडे जानेवारीत जन्मू दे नाहीतर मे महिन्यात, त्याचा वाढदिवस १ जानेवारीच धरतात. एका वर्षाची सगळी शिंगरं एकाच वयाची समजायची आणि एकमेकांविरुद्ध पळवायची. दोन वर्षांच्या घोड्याला चार महिन्यांचा फरक म्हणजे फार. म्हणून उशिरा जन्मलेलं शिंगरू बघायला आलेला गिऱ्हाईक आधी तारीख बघतो, मग पाय बघतो आणि मग चहा पिऊन जातो.

आज मला ज्या घोड्याबद्दल सांगायचं आहे तो मी पाहिलेला नाही. तो कॅनडातला. पण माझ्या पहिल्या नोकरीच्या ऑफिसात त्याचा फोटो होता, आणि पुढे माझ्या हातांखालून गेलेल्या असंख्य शिंगरांच्या वंशावळीत कुठे ना कुठे त्याचं नाव निघायचं. नॉर्दर्न डान्सर.

त्याची आई नताल्मा. चांगली पळणारी घोडी, पण १९६०च्या वसंतात तिचा गुडघा दुखावला आणि शर्यती संपल्या. मालक ई. पी. टेलर यांनी तिला घरी आणून निअर्क्टिक या आपल्याच घोड्याकडे पाठवलं. तेव्हा जून संपत आला होता, म्हणजे हंगाम जवळजवळ उरकलेला. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. त्यामुळे शिंगरू जन्मलं २७ मे १९६१ला, कॅनडातल्या ओशावा इथे. आमच्या धंद्यात ही तारीख म्हणजे हजेरीपटातली दिवाळी.

घराणं मात्र मोठं. बापाचा बाप निअर्को, इटलीच्या फेदेरिको तेसिओंनी घडवलेला, १४ शर्यतींत १४ विजय. आईचा बाप नेटिव्ह डान्सर, २२ पैकी २१. टेलर यांची विक्रीची पद्धत वेगळी होती. लिलाव नाही. एक वर्षाच्या शिंगरांवर आधीच किमतीची पाटी, आणि ज्याला हवं त्याने उचलावं. याच्यावर २५,००० डॉलर लिहिलं होतं. लोक आले, बघितलं आणि पुढे गेले. ठेंगणं होतं. पूर्ण वाढल्यावरही तो जेमतेम पंधरा हँड दोन इंच भरला, म्हणजे खांद्यापाशी पाच फूट दोन इंच. कुणी घेतलं नाही म्हणून ते मालकाकडेच राहिलं.

आता पुढचा भाग बाईंसमोर जरा जपून सांगतो. हा घोडा अंगाने लहान पण रगेल होता. फेकायचा, ऐकायचा नाही. त्याचे ट्रेनर होरेशिओ लुरो, नावाजलेला माणूस. त्यांनी सल्ला दिला की याला खच्ची करा. धंद्यात हा रोजचा सल्ला आहे. खच्ची केलेला घोडा शांत होतो, लक्ष कामात राहतं, अंगावर नको तिथे मांस चढत नाही, आणि चार वर्षं जास्त पळतो. वैद्य म्हणून सांगतो, लुरोंचं काही चुकलं नव्हतं. समोर जो घोडा होता त्याला बघून मीही तेच सांगितलं असतं. टेलर यांनी ऐकलं नाही. बस्, एवढंच घडलं. मालक ‘नको’ म्हणाला.

ऑगस्ट १९६३मध्ये तो पहिल्यांदा पळाला. हिवाळ्यात त्याच्या खुराला तडा गेला. घोडा चार खुरांवर जगतो, त्यातला एक फाटला की संपलं. तेव्हा कॅलिफोर्नियाहून एक नालबंद बोलावला आणि त्याने खुरावर रबराचं ठिगळ तापवून बसवलं, सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढतात तसं. आपल्या स्टँडसमोरचे पंक्चरवाले काका आठवतात का? मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तेच आठवले.

केंटकी डर्बीच्या आधी आणखी एक गंमत झाली. बिल शूमेकर हा अमेरिकेतला सर्वांत मोठा जॉकी. नॉर्दर्न डान्सरवर बसून त्याने फ्लोरिडात दोन मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि डर्बीला त्याला सोडून हिल राइज नावाचा उंचापुरा घोडा धरला. मग बिल हार्टॅकला घेतलं. २ मे १९६४. सव्वा मैलाची शर्यत. शेवटच्या टप्प्यात हिल राइज लांब ढांगा टाकत जवळ जवळ येतोय आणि हा आखूड पायांचा घोडा नुसता भराभरा पाय उचलतोय. मानेच्या फरकाने जिंकला. वेळ बरोबर २ मिनिटं, डर्बीचा तेव्हाचा विक्रम. तो मोडायला १९७३मध्ये सेक्रेटेरिएट यावा लागला. आणि लक्षात घ्या, मे महिन्याच्या त्या दिवशी हा खरोखरचा तीन वर्षांचाही झालेला नव्हता. पंचवीस दिवस कमी होते.

पुढे प्रीकनेस जिंकला, बेलमाँटला तिसरा आला, कॅनडात परतून क्वीन्स प्लेट सव्वासात लांबींनी मारली. त्यानंतर पुढच्या पायाची नस सुजली आणि कारकीर्द थांबली. एक वर्षसुद्धा भरलं नाही. १८ शर्यती, १४ विजय, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. कधीही तिसऱ्याच्या खाली नाही.

इथपर्यंत ही एका चांगल्या घोड्याची गोष्ट झाली, आणि असे घोडे बरेच होऊन गेले. तो खच्ची केलेला असता तर एवढीच राहिली असती.

१९६५मध्ये तो स्टडला गेला. फी १०,००० डॉलर. काही वर्षांनी आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन टेलर यांच्याकडे भलत्याच घोड्याचं शिंगरू बघायला आले. ते त्यांना आवडलं नाही, पण शेजारी नॉर्दर्न डान्सरचं एक दिसलं. त्यांच्या मालकाने ते ८४,००० डॉलरला घेतलं आणि नाव राहिलं निजिन्स्की. १९७०मध्ये निजिन्स्कीने इंग्लंडचा ट्रिपल क्राउन जिंकला. त्याआधी तो जिंकला होता १९३५मध्ये बहरामने, आणि बहराम कुणाचा, तर आगाखानांचा. येरवड्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला तेच. सहलीला गेलो होतो तिथे आपण, डबे खाल्ले होते. निजिन्स्कीनंतर आजपर्यंत तो मुकुट दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

आणि मग जग वेडं झालं. ज्या घोड्याला २५,००० द्यायला कुणी तयार नव्हतं, त्याच्याकडे एकदा घोडी न्यायची फी १९८०च्या दशकात दहा लाख डॉलरपर्यंत गेली. शिंगरू जगेल, वाचेल याची हमी नाही. इथे सांगायला हवं की थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष न्यावी लागते, त्यामुळे वर्षाला मोजकीच शिंगरं. १९८३मध्ये केंटकीच्या लिलावात त्याचं एक वर्षाचं शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला गेलं. स्नाफी डान्सर नाव. ते एकही शर्यत पळलं नाही. मग स्टडला लावलं, तर तिथे प्रजननक्षमता फारच कमी निघाली. त्या शिंगराला किती डोळ्यांनी पारखलं असेल! बापाला नाकारलं तेव्हा जसे जाणकार होते तसेच याला घेतलं तेव्हाही होते. मी तीस-पस्तीस वर्षं शिंगरं पारखली, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची मला सवय लागली आहे.

त्याचा सॅडलर्स वेल्स हा मुलगा ब्रिटन-आयर्लंडमध्ये चौदा वेळा अव्वल जनक ठरला. सॅडलर्स वेल्सचा गॅलिलिओ, गॅलिलिओचा फ्रँकेल, जो १४ पैकी १४ जिंकला. आणखी एक मुलगा रझीन. १९९०च्या एप्सम डर्बीत लोकांनी सगळ्यांत जास्त पैसे याच्यावर लावले होते, आणि तो मागे राहिला. मग तो भारतात आला आणि आपल्या इथे अनेकदा चॅम्पियन साइअर झाला. महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर त्याच्या मुलामुलींनी किती शर्यती जिंकल्या असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

म्हातारा स्वतः १६ नोव्हेंबर १९९०ला मेरीलँडमध्ये गेला. त्याला ओशावाला आणून पुरलं, जिथे जन्मला तिथे.

आता माझं सांगतो. संयोजक घड्याळ बघतायत, पण हे सांगायलाच मी उभा राहिलो आहे.

२००३च्या २३ मेला आमच्या फार्मवर एक शिंगरू जन्मलं. आईकडून रझीनचं नातवंड, म्हणजे नॉर्दर्न डान्सरचं पणतवंड. मीच रात्री ओढून काढलं होतं, एक पाय मागे अडकला होता. लहान निघालं. दीड वर्षाचा झाल्यावर अंगाने इतरांच्या कानापर्यंत येईना, पण चावायला पुढे. दोन सईसांना पाडलं, एकाचा हात मोडला. मालकांनी मला विचारलं, काय करायचं? मी म्हणालो, खच्ची करू. त्यांनी थांबून पुन्हा विचारलं, ‘डॉक्टर, नक्की ना?’ त्या ऑफिसच्या भिंतीवर नॉर्दर्न डान्सरचा फोटो होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. नक्की म्हणालो आणि सही केली. वीस मिनिटांचं काम, मीच केलं.

घोडा शांत झाला. सात शर्यती जिंकला. लहान चणीचा, शेवटच्या दोनशे मीटरला पाय भराभरा उचलणारा. त्याच्या आईला पुढे शिंगरू राहिलं नाही. तो सातवी शर्यत जिंकला त्या संध्याकाळी, ज्याचा हात मोडला होता तोच सईस त्याचे पाय धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘साहेब, याचं पोर कसं निघालं असतं हो?’

मी त्याला शास्त्रीय उत्तर दिलं. म्हटलं, हा खच्ची नसता तर कदाचित इतका पळलाच नसता, आणि शंभरातल्या नव्वद घोड्यांची पोरं काही कामाची निघत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो ‘हो साहेब’ म्हणाला आणि दुसरा पाय धुवायला लागला. घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, पुन्हा पैसे लावले.

मी त्यानंतरही खच्ची करायचे सल्ले दिले. ते काम होतं आणि बहुतेक वेळा बरोबरच होतं. फक्त त्यानंतर मालक दुसऱ्यांदा ‘नक्की ना’ म्हणाले की मी एक दिवस मागून घ्यायचो, तबेल्यात जाऊन शिंगरू पुन्हा बघायचो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीही माझं उत्तर तेच असायचं.

तो घोडा अजून आहे. रेसमधून निघाल्यावर एका रायडिंग स्कूलला दिला. आता बाविशीत आहे, पाठ खोल गेली आहे, दात घासलेत. आठ-दहा वर्षांची मुलं त्याच्यावर बसायला शिकतात. लहान आहे ना, मुलांना चढायला सोपा पडतो. चावत नाही. मलाही ओळखत नाही बहुतेक, पण खिशाला नाक लावतो.

त्याच्या कागदावर जन्म १ जानेवारीचा धरलेला आहे. मी गूळ घेऊन जातो ते २३ मेला.