टाकी मांडायची, तर पाण्याचा हिशोब आधी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त क्लबहाउसमध्ये माशांची टाकी ठेवावी, अशी सूचना आलेली आहे. घरी बरीच वर्षं मासे पाळतो म्हणून मला बोलायला सांगितलं. सूचना चांगली आहे. पण टाकी म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे. ठराव हात वर करून पास होतो. पाणी मात्र दर आठवड्याला कुणीतरी बदलावं लागतं. म्हणून मंजुरीआधी काय काय करावं लागेल, ते ऐकून घ्या.

प्रथम माप. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 1000 ने भागा, म्हणजे लिटर निघतात. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे 90 गुणिले 30 गुणिले 45, साधारण 120 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता 100 लिटर धरा. काच, खडी, पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. तेव्हा प्लायवूडच्या टीपॉयवर ती ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, खाली थर्माकोलचा पत्रा, आणि जागा अशी की खिडकीतलं थेट ऊन पडणार नाही. ऊन पडलं की शेवाळं आलंच. छोटी टाकी सोपी, हा समज उलटा आहे. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. गोल काचेचं भांडं तर विसराच.

आता मुख्य मुद्दा. टाकी आणली, त्याच दिवशी वीस मासे सोडले आणि आठवड्यात निम्मे मेले, ही गोष्ट तुम्ही घरोघरी ऐकली असेल. लोक म्हणतात, मासे कमजोर होते. बहुतेक वेळा मासे चांगलेच असतात, पाणी तयार नसतं. माशाच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर वस्ती करतात. वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर खात्यात शिल्लक नसताना चेक फाडला की तो परतच येणार.

म्हणून रिकाम्या टाकीत फिल्टर चालू करायचा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून जिवाणूंना काम मिळतं. कुणाच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिचा थोडा स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. तपासणीचे थेंब दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच पहिले मासे.

मासे कुठले? आपल्याकडे महापालिकेचं पाणी येतं, उन्हाळ्यात त्यात बोअरचं मिसळतं. बोअरचं पाणी जड असतं. निऑन टेट्रा कितीही मोहक दिसला, तरी त्याला मऊ पाणी मानवतं. पाण्याला मासा जुळवावा, माशासाठी पाणी बदलत बसू नये. माझी यादी अशी: 6 झेब्रा, 6 चेरी बार्ब, 6 गप्पी आणि शेवटी तळाशी फिरणारे 5 कोरीडोरास. 100 लिटरला एवढे पुष्कळ. हे कळपाने राहणारे मासे आहेत, म्हणून एकेक, दोनदोन आणू नका. गप्पी फक्त नरच घ्या. एक मादी आली, तरी ती आधीच गाभण असते आणि महिन्या-महिन्याला पिल्लं देत राहते. सहा महिन्यांत टाकीची चाळ होते. आधी झेब्रा सोडा, ते काटक. मग दोन-दोन आठवड्यांनी पुढचे.

काय आणू नये, तेही सांगतो. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो. एंजल मोठा झाला की लहान मासे गिळतो. गोल्डफिशला थंड आणि भरपूर पाणी लागतं. आठ सोनेरी आणि एक काळा ठेवला की भरभराट होते म्हणतात. 100 लिटरमध्ये नऊ गोल्डफिश ठेवले, तर भरभराट फक्त दुकानदाराची.

देखभालीचं वेळापत्रक साधं आहे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, म्हणजे दीड-दोन बादल्या, सायफनच्या नळीने तळातला गाळ ओढत काढायचं. नवीन पाण्यातलं क्लोरीन घालवायला बादली चोवीस तास उघडी ठेवा किंवा दुकानातलं क्लोरीननाशक टाका. आटलेलं पाणी नुसतं वरून भरणं म्हणजे बदल नव्हे; वाफ उडते, क्षार खालीच राहतात. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, नाहीतर जिवाणू मरतात. आणि सगळी टाकी रिकामी करून साबणाने घासणं कधीच नाही. काढलेलं पाणी बागेला घाला, गुलाब खूश होतात. टाकीच्या कडेला मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली, तर तो नायट्रेट शोषून घेतो.

निफाडला पारा उतरल्याची बातमी आली, की आपल्यालाही थर्मोस्टॅटचा हीटर लागणार. 24 ते 26 अंश तापमान ठीक. वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हवा.

सोसायटीच्या टाकीला तीन धोके असतात, जे घरच्या टाकीला सहसा नसतात. पहिला, गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली की ब्लीचिंगचा अंश दोन-तीन दिवस राहतो. त्या आठवड्यात पाणी बदलायचं नाही. दुसरा, पेस्ट कंट्रोल आणि डासांची धूरफवारणी. त्या वेळी एअरपंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाका. तिसरा सगळ्यात मोठा, तो म्हणजे प्रेम. वॉचमनने खाद्य घातलं, मुलांनी घातलं, आजोबांनी घातलं, आणि माशांचं पोट कधी भरलं ते कुणाला कळलंच नाही. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, दिवसातून एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. डबा कुलपात आणि किल्ली एकाकडेच.

आता जे मनापासून सांगायचं आहे, ते. कंटाळा आला की लोक मासे पिशवीत भरून गोदावरीत सोडतात आणि जीव वाचवल्याचं समाधान मानतात. ते पुण्य नव्हे. सकरफिश टाकीत बोटाएवढा दिसतो, नदीत फूटभराचा होतो. देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो आज पसरलेला आहे. कोळ्यांची जाळी फाडतो. गप्पीसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून बंद हौदात, कारंज्यात ठीक; नाल्यात, नदीत नको.

नदीत आपलं स्वतःचं काय आहे, हे तर आपल्याला माहीतही नसतं. देवळालीजवळच्या दारणा नदीतून 1938 साली होरा आणि मिश्रा या संशोधकांनी एका छोट्या माशाची नोंद केली. पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी हे त्याचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत तो देवळालीच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतल्या प्रॅटर यांच्यावरून ते शास्त्रीय नाव ठेवलं. आज हा मासा अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. आपल्या जिल्ह्याचा मासा, आणि आपल्यापैकी कितीजणांनी त्याचं नाव ऐकलंय? जिथे असे जीव कसेबसे तग धरून आहेत, त्या पाण्यात आपण दुकानातले पाहुणे आणि त्यांचे रोग सोडायचे नाहीत. मासे नकोसे झाले, तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

तेव्हा माझी दुरुस्ती-सूचना अशी: टाकीचा ठराव करा, पण सोबत चार गोष्टी लेखी असू द्या. जबाबदार दोन नावं आणि सुट्टीत त्यांच्या जागी कोण. वार्षिक खर्चाची वेगळी तरतूद. पाणी बदलल्याची तारीखवार वही. आणि एकही मासा नदीत न सोडण्याची अट. वहीचं काम मी आनंदाने करीन. बादल्या उचलायला मात्र तरुण मंडळी लागतील. तशी दोन नावं आज मिळाली, तर पुढच्या महिन्यात टाकी आणू. नाही मिळाली, तर तेवढ्या पैशात बागेत दोन बाक येतील. त्यांना उपाशी राहायची भीती नाही.