मे महिन्यात पाणी कोण ठेवणार?



राणीसावरगावच्या ह्या शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबलं की पडद्यामागं तोंडाला रंग लावून ताटकळणाऱ्या कलाकारांचे हाल होतात. म्हणून एकच विषय घेतो : पाखरांचं दाणापाणी.

मागं उभ्या असलेल्या शेतकरी मंडळींच्या मनात आलंच असेल, की आम्ही ज्वारीत गोफण घेऊन पाखरं हाकलायची आणि ह्या पाहुण्यानं लेकरांना ती बोलवायला शिकवायची! शंका रास्त आहे. चीननं १९५८ साली हाच हिशेब केला. चिमण्या धान्य खातात म्हणून लोकांनी थाळ्या-ढोल बडवून त्यांना कुठं टेकूच दिलं नाही. उडून उडून दमलेल्या चिमण्या खाली पडल्या. पुढं किडी माजल्या आणि १९६० मध्ये नष्ट करायच्या जिवांच्या यादीतून चिमणीला काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. मोठी चिमणी दाणे टिपते हे खरं, पण पिलांच्या चोचीत ती मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. पिकावर फवारा मारून करायचं काम ती फुकटात करते, एवढं लक्षात असू द्या.

आता लेकरांसाठी. सध्या ज्वारी हुरड्यात आहे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं एका रब्बी वाणाला ‘परभणी मोती’ असं नाव दिलंय. ते मोती काय फक्त माणसांसाठी? खळं झालं की चार-सहा कणसं बाजूला काढा आणि दोरीनं बांधून ओसरीत किंवा झाडाला टांगा. कणसाला लोंबकळत चिमणी एकेक दाणा कसा सोलते, ते जवळून बघा. शिळा चिवडा, फरसाण, बिस्किटं मात्र ठेवू नका. एवढं मीठ-तेल इवल्या जिवाला झेपत नाही.

एक गोष्ट जरा कडक सांगतो. पेरणीतून उरलेलं लाल-निळं बियाणं पाखरांना टाकायचं नाही. तो रंग औषध लावल्याची खूण असते. ते विष आहे, पाखरांना आणि तुम्हालाही. हात लावायचा नाही.

सगळीच पाखरं दाणे खात नाहीत. शिंजीर जास्वंदीच्या आणि शेवग्याच्या फुलातला रस पितो, बुलबुलाला फळं लागतात, शिंपी पाखराला पान शिवून घरटं करायला रुंद पानांचं झुडूप लागतं. तेव्हा परसात शोभेच्या कुंड्यांपेक्षा एक बोर, एक शेवगा बरा. आणि चिमणीला भिंतीत फट हवी. माळवदाच्या घरात ती आयती मिळायची, स्लॅबच्या घरात नाही. वळचणीला, मांजर पोचणार नाही अशा जागी, लाकडी खोकं टांगा. जवळ फिरता पंखा नको.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. दोन्ही वेळा शाळाशाळांत फोटो निघतात, तेही ठीकच. पण बालाघाटाच्या ह्या माळावर पाखरांना पाण्याची खरी निकड एप्रिल-मेमध्ये, ओढे आटल्यावर. आणि नेमकी मेमध्ये शाळेला सुट्टी!

पाण्यासाठी विकत काही आणायचं नाही. फुटक्या माठाचं बूड घ्या. पाणी दोन बोटं खोल, मध्ये पाय टेकायला एक दगड, वर सावली. रोज सकाळी घासून पाणी बदलायचं, नाहीतर तिथं डास अंडी घालतील आणि आई तुमच्यासकट ते भांडं बाहेर काढील. मांजर दबा धरून बसेल अशा आडोशाला ते ठेवायचं नाही.

मुख्याध्यापक सर, एक विनंती आहे. यंदा निकालपत्रक देताना प्रत्येक गल्लीतल्या दोन लेकरांची नावं फळ्यावर लिहा. सुट्टीभर त्या गल्लीतलं पाणी त्यांच्याकडं. शाळेच्या आवारातलं भांडं कोण भरणार, त्याचं नाव मात्र आजच, ह्या मांडवातून लोक उठायच्या आत ठरवा.