संवादयंत्रांचा जमाखर्च
(व्याख्यानाचा मजकूर)



३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आणले. आज असे चॅटबॉट आपल्या पेढ्यांवर आणि मुलांच्या अभ्यासातही आले आहेत. त्यांच्या लोकप्रियतेविषयी वाद नाही. परंतु ते खरोखर उपयोगी आहेत काय, आणि चालविणाऱ्यांना हा धंदा परवडतो काय?

कॅनडातील एक प्रकरण सांगतो. आजीच्या निधनामुळे तातडीने निघालेल्या एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटला सवलतीविषयी विचारले. तिकीट काढून नव्वद दिवसांत अर्ज केल्यास सवलत मिळेल, असे उत्तर आले. कंपनीच्या नियमानुसार मात्र प्रवासानंतर सवलत मिळत नव्हती. कंपनीने पैसे नाकारले आणि न्यायाधिकरणापुढे म्हणणे मांडले की, चॅटबॉट आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे! पेढीवर बसविलेल्या मुनिमाविषयी असे बोलण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ते अमान्य करून कंपनीस भरपाई द्यावयास लावली.

कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, हे अफाट मजकुरावरून हे यंत्र शिकलेले असते. म्हणून भाषा सफाईदार असते. सत्याची हमी नसते. इंग्रजी पत्राचा मसुदा मी त्याच्याकडून आनंदाने करून घेतो, कारण त्यातील चूक मला दिसते. कराचे कलम विचारले, तर मात्र सल्लागाराकडून तपासून घेतो.

आता जमाखर्च. सॉफ्टवेअरची एक प्रत अधिक विकली, तर खर्च फारसा वाढत नाही. येथे प्रत्येक उत्तरामागे महागडी यंत्रे आणि वीज खर्ची पडते. वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार २०२४ साली ओपनएआयचे उत्पन्न सुमारे ३७० कोटी डॉलर, तर तोटा सुमारे ५०० कोटी डॉलर होता. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच सांगितले की, दरमहा २०० डॉलरच्या योजनेतही तोटा होत आहे, कारण लोक अपेक्षेपेक्षा अधिक वापर करतात. ग्राहकाने माल अधिक उचलला की तोटा वाढावा, हा व्यापार आपल्या वाडवडिलांना समजावून सांगणे कठीण गेले असते. तूर्त तो चालतो, तो गुंतवणूकदारांच्या भांडवलावर.

भारतात दरमहा ३९९ रुपयांची योजना ऑगस्ट २०२५ मध्ये आली, आणि ४ नोव्हेंबरपासून नोंदणी करणाऱ्यांना ती वर्षभर विनामूल्य देऊ केली गेली. फुकटाचे वर्ष सरल्यावर त्यांपैकी किती जण खिशात हात घालतात, तो आकडा मला पाहावयाचा आहे.