गाडी कोणती घ्यायची ते नंतर, आधी प्लग कुठे आहे ते बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या भाषणाचा मजकूर)



आधीची दोन भाषणं मधुमेह आणि मृत्युपत्र या विषयांवर झाली. त्या मानाने माझा विषय आनंदाचा आहे. आजी-आजोबा, मुलं, सामान सगळं मावेल अशी मोठी गाडी घ्यायची, तर पूर्ण इलेक्ट्रिक घ्यावी की प्लग-इन हायब्रिड? मी विजेच्या कामातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला जातो. चौथा मजला येईपर्यंत उत्तर द्यायचं असतं. ते जमत नाही, म्हणून आज माईक हातात घेतलाय.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक केशरी वायर खाली पार्किंगमध्ये लोंबकळत होती, ती माझी. नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली होती आणि पार्किंगमधलं कनेक्शन अजून व्हायचं होतं. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. तिसऱ्या रात्री खाली जाऊन बघतो तर एक्स्टेन्शन बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. इस्त्री पंधरा मिनिटं चालते, गाडी सलग आठ तास तेवढाच करंट ओढते, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो होतो! सेक्रेटरी साहेबांनी मला त्या दिवशी जे सुनावलं, ते योग्यच होतं.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे 'हायब्रिड' हा एकच शब्द दोन वेगळ्या गाड्यांसाठी वापरतात आणि सगळा घोळ तिथे होतो. ग्रँड विटारा किंवा हायरायडर ज्या प्रकारात मिळतात तो स्ट्राँग हायब्रिड. तिची बॅटरी एक युनिटसुद्धा वीज साठवत नाही. ब्रेक लावताना आणि इंजिन चालताना ती स्वतःच भरते, तिला प्लग नसतो. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी, साधारण पंधरा-वीस युनिटांची. रात्री घरी चार्ज करा, सकाळी पन्नास-साठ किलोमीटर विजेवर फिरा, पुढे पेट्रोल. मित्सुबिशीने २०१३ साली जपानमध्ये आउटलँडर अशी आणली, तेव्हापासून एसयूव्हीमध्ये हा प्रकार रुजला. ऐकायला झकास. रोज वीज, गावाला जाताना पेट्रोल, काळजी कसली नाही. मधला मार्ग म्हटला की आपल्याला तो शहाणपणाचाच वाटतो.

पण तिच्या नावातच प्लग आहे, हे आपण विसरतो.

माझा भाचा जर्मनीत नोकरी करतो. त्याला कंपनीने प्लग-इन हायब्रिड दिली, कारण तिथे अशा कंपनीच्या गाडीवर कर्मचाऱ्याला लागणारा कर पेट्रोल गाडीच्या निम्मा असतो. मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा सामान ठेवायला डिकी उघडली, तर चार्जिंगची केबल कारखान्यातून आलेल्या पिशवीतच. मी विचारलं, तर म्हणाला, "मामा, तळघरातल्या पार्किंगला प्लग पॉइंटच नाही. आणि पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आहे." म्हणजे दीड-दोनशे किलोची बॅटरी नुसती इकडून तिकडे वाहून न्यायची आणि तिचा भार पेट्रोलने ओढायचा. भाचा काही एकटा नाही. युरोपीय आयोगाने २०२४ साली गाड्यांमधल्याच नोंदींवरून अहवाल काढला. प्लग-इन हायब्रिडमधून प्रत्यक्ष रस्त्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गाडी खोटी नाही. ती चार्ज केली जाईल हे गृहीत धरलं होतं, ते खोटं ठरलं.

ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, त्याला प्लग-इन हायब्रिडचा उपयोग नाही. आणि ज्याच्याकडे प्लग आहे, त्याला रोजच्यासाठी इंजिनाची गरज नाही. आपल्यातले बहुतेक जण दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर फिरतात. मोठी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे रोजची पाच-सहा युनिटं. पंधरा ॲम्पिअरच्या साध्या, पण नीट बसवलेल्या सॉकेटवर ती दोन तासांत भरतात. एवढ्यासाठी इंजिन ऑइल, फिल्टर, सायलेन्सर आणि वर बॅटरी, इन्व्हर्टर असे दोन संसार सांभाळायचे का?

आपल्याकडे तर निवड सरकारनेच निम्मी करून ठेवलीय. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, प्लग असो वा नसो. म्हणून आपल्या बजेटातल्या शोरूममध्ये प्लग-इन हायब्रिड जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती परदेशी, महागड्या गाड्यांमध्ये. उद्या स्वस्तातल्या आल्या तरी प्लगचा प्रश्न तोच राहणार.

"पण गावाला जायचं तर?" हे विचारणारे इथे निम्मे लोक आहेत, आणि खरी भीती तीच आहे. आमचं घर साखरप्याच्या पुढे. पुण्याहून निघायचं, कराडला जेवायचं, जेवताना फास्ट चार्जरला लावायची, मग मलकापूर आणि आंबा घाट. घाट चढताना चार्ज भराभर उतरतो, बायको मीटरकडे बघून रामरक्षा म्हणायला लागते. उतारावर मोटर उलटी चालून थोडी वीज परतही येते. कंपनी जो पल्ला सांगते त्यातला पाऊण धरावा. हायवेला शंभरच्या वर पळवली तर त्याहून कमी. प्रवासाला तास-सव्वा तास जास्त लागतो, हे मी लपवणार नाही. गणपतीत चार्जरपुढे रांगही लागते.

खरी फजिती गावी झाली. ओटीवरच्या सॉकेटला प्लग लावला, तर चार्जरने लाल दिवा दाखवला आणि गप्प बसला. वडिलांच्या काळातलं वायरिंग, अर्थिंगचा पत्ताच नाही. वर्षानुवर्षं त्या घरात फ्रिज, पंप, मिक्सर सगळं तसंच चाललं होतं. पहिल्यांदा कोणी हरकत घेतली ती गाडीने. दुसऱ्या दिवशी गड्याला घेऊन परसात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं, तेव्हा गाडी चार्ज झाली. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत घराचं झालं नाही ते गाडीपायी झालं." त्या दोन दिवसांत मला पेट्रोलच्या गाडीची आठवण आली होती, हेही कबूल करतो.

तेव्हा ज्यांचं महिन्यातून तीन-चार वेळा आडवाटेला जाणं आहे, किंवा ज्यांना पार्किंगमध्ये वीज मिळणारच नाही, त्यांनी साधी स्ट्राँग हायब्रिड घ्यावी आणि निवांत राहावं. त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी इलेक्ट्रिक. बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. ती नीट वाचून घ्या, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्यांनी.

पण पार्किंगमध्ये वीज कोणाला मिळणार, हे शोरूमवाला ठरवत नाही. ते या हॉलमध्ये ठरणार आहे, आणि म्हणूनच मी बोलायला तयार झालो. माझी जागा मीटर रूमला लागून, त्यामुळे माझ्या मीटरपासून केबल, एमसीबी आणि गळती झाली तर तत्क्षणी तोडणारं आरसीबीओ हे सगळं थोडक्यात झालं. मागच्या भिंतीकडच्या रांगेला तीच केबल पाचपट लांब लागेल. दोघांनी विचारलं, खर्च ऐकला आणि बेत रद्द केला. एकाने मला तोंडावर सांगितलं, "काका, तुमची जागा चांगली म्हणून तुम्हाला पर्यावरण परवडतं." मला ते लागलं, कारण ते खरं आहे.

आपली इमारत पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि मारुती मोजक्या होत्या. २०१९ मध्ये केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत बदल होऊन पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची तरतूद सुचवली गेली. ती नव्या बांधकामांची गोष्ट. राहत्या घरी स्वतःच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. जर्मनीत तर १ डिसेंबर २०२० पासून सदनिकाधारकाने स्वखर्चाने चार्जिंगची सोय मागितली, तर बाकीच्यांना नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. काम कसं करायचं तेवढं ते ठरवतात. मला ती विभागणी पटते.

मात्र प्रत्येकाने आपापली वायर ओढली तर पाच वर्षांत पार्किंगचं छत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसेल. दहा जणांनी सात-सात किलोवॅटचे चार्जर एकाच वेळी लावले तर सत्तर किलोवॅट होतात, आणि लिफ्ट नि पाण्याचा पंपही त्याच इमारतीत आहेत. माझी सूचना अशी: मीटर रूमपासून मागच्या भिंतीपर्यंत एकच जाड केबल आणि ट्रे सोसायटीने टाकावा, वाहन चार्जिंगच्या दराचं वेगळं मीटर महावितरणकडून घ्यावं, आणि भार आपोआप वाटून देणारे चार्जर ज्याने त्याने आपल्या खर्चाने बसवावेत. मुख्य केबलचा खर्च सर्वांनी उचलावा, गाडी नसलेल्यांनीही. यावर आमच्या विंगमध्येच दोन तट आहेत. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्टचा खर्च पंचवीस वर्षं देतोय, आता हाही द्यायचा का? प्रश्न रास्त आहे. त्यांना काही सूट द्यावी असं माझं मत आहे, किती ते सर्वसाधारण सभेने ठरवावं.

बाहेर टेबलावर एक कागद ठेवलाय. पुढच्या तीन वर्षांत गाडी बदलणार का, कुठली, आणि तुमची पार्किंगची जागा कोणती, एवढंच लिहायचंय. भाडेकरूंनीही लिहावं. तो भरून आला की केबलची जाडी मी काढून देतो, पैसे न घेता. आता चहा तयार आहे असं खूण करून सांगतायत, तेव्हा प्रश्न चहा घेताना विचारा.