औषध आणि अबोला

हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेले एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. या घरातील सुनेला मनाच्या आजाराने घेरले होते. कानांत आवाज येत, रात्र-रात्र झोप नसे, घरच्या माणसांचाही संशय येई. धारवाडच्या मनोरुग्णालयात उपचार झाले आणि ती पुन्हा माणसांत आली. पण गोळ्या सुरू होऊन वर्ष उलटले, तशी तिची पाळी थांबली. अंगावर पिणारे मूल नसताना स्तनांतून दूध येऊ लागले. सासूबाईंना वाटले, दिवस राहिले. तपासणीत तसे काही आढळले नाही, तेव्हा कुजबूज सुरू झाली. लाजेपायी सुनेने कोणालाही न विचारता गोळ्या टाकून दिल्या; आणि काही आठवड्यांतच ते जुने आवाज परतले. हे घर कल्पित आहे. परंतु असे प्रसंग कल्पित नाहीत.

यात दैवाचा कोप नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. दूध निर्माण करविणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तिच्यातून स्रवते आणि डोपामिन हे द्रव्य त्याला लगाम घालते. भास व संशय शमविणारी औषधे मेंदूत डोपामिनचेच कार्य अडवितात. त्यामुळे मन ताळ्यावर येते, पण तो लगामही सैल पडतो. प्रोलॅक्टिन वाढले की पाळी चुकते, गर्भधारणा अवघड होते. पुरुषांतही कामेच्छा मंदावते, क्वचित स्तन वाढतात. ही स्थिती वर्षानुवर्षे राहिल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा मनोविकारांवर उपयोग झाला आणि या औषधांचे युग सुरू झाले. त्याआधी, १९३१ मध्येच, गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी आपल्या सर्पगंधेचा वेडावरील गुण नोंदविला होता. त्या मुळीतील रेसर्पिनही मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. गुण आणि दोष एकाच वाटेने येतात, ते असे.

मात्र सर्व औषधे सारखी नव्हेत. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड व हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन अधिक वाढते. क्वेटियापिन व अॅरिपिप्राझोल यांनी फारसे वाढत नाही. ओलान्झापिन व क्लोझापिन यांत वजन आणि रक्तातील साखर यांवर लक्ष ठेवावे लागते. पित्तावरील काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असते; तेही प्रोलॅक्टिन वाढविते. म्हणून घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी.

उपाय आहेत. रक्ततपासणीने प्रोलॅक्टिन मोजता येते. गर्भधारणा, थायरॉईडचा विकार अथवा ग्रंथीवरील गाठ ही कारणेही पाहावी लागतात; डोके दुखून दृष्टी अधू होत असेल, तर विलंब करू नये. मग डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा अॅरिपिप्राझोलची जोड देतात. औषध बदलताच पाळी परत येण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो, याचे भान पतिपत्नींनी ठेवावे.

गोळी आपल्या मनाने बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. त्या सुनेने सासूबाईंना, सासूबाईंनी डॉक्टरांना वेळीच एक शब्द सांगितला असता, तर आजार परतण्याचे संकट बहुधा टळले असते. औषधाचा दोष औषधाच्या बदलाने निघतो. अबोल्याचा दोष बोलण्यानेच निघतो.