शिरगणती आणि मत

१७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिताना ठरलं : प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं मोजायची. मत त्यांना नाहीच. जागा वाढल्या मालकांच्या. गुलाम अख्खा मोजावा, असा आग्रहही मालकांचाच होता! जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती या गुलामीविरुद्ध झगडलेल्या अमेरिकनांना.

आणि आपला धाराशिव? निजामाच्या राज्यात दर दहा वर्षांनी शिरगणती होई, सामान्यांचं मत कोण विचारतो? त्यात महार-मांगांच्या मानेवर वतनाचं जोखड. त्यांच्या वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला आले. पुढं १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पाटलाच्या मताला जे मोल, तेच येसकराच्या.